दत्तक घेताना: आमची साडेतीन वर्षं, कागदपत्रांसकट

खूप दिवसांपासून लिहायचं होतं, आज लेक लवकर झोपलीये म्हणून बसलोय, मध्येच उठली तर उरलेलं उद्या. आम्ही ऐरोलीत राहतो, मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशोब बघतो, बायको घणसोलीला आयटीत. आम्ही सुरुवात केली तेव्हा मला कायदा सांगणारे भरपूर भेटले, पण पुढे नक्की काय काय होतं, कुठे अडकतं आणि रात्री झोप का लागत नाही हे सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून सगळं लांबण लावून लिहितोय. घाई असेल त्यांनी फक्त कागदपत्रांचं वाचा.

सुरुवात खरं तर नोव्हेंबर २०१९ ची. आमचं पहिलं बाळ गेलं. चौतिसावा आठवडा होता. रात्री हिला हालचाल जाणवेना म्हणून गेलो, सोनोग्राफीच्या डॉक्टर बाईंनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली आणि मला तिथेच कळलं. अशा वेळीसुद्धा कळा देऊनच बाळाला जन्म द्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं. मी लेबर रूमच्या बाहेर उभा, आत दुसऱ्या कुणाची तरी डिलिव्हरी झाली, ते बाळ रडलं आणि बाकावर बसलेली एक आजी मला म्हणाली, "झालं बघा तुमचं." मी मान हलवली. काय बोलणार. आमचं त्यानंतर पाऊण तासाने झालं, काही आवाज आला नाही. महापालिकेत नोंद करायला हॉस्पिटलने मृतजन्माचा फॉर्म भरला त्याची झेरॉक्स मला दिली, त्यात तारीख, मुलगी, आईचं नाव, वडलांचं नाव. बाळाच्या नावाला रकानाच नव्हता. आम्ही नाव ठरवलेलं होतं.

मग एक आयव्हीएफ केलं, दीड लाखाच्या वर गेले, फेल. लगेच लॉकडाऊन लागला आणि घरात आम्ही दोघंच, आणि माळ्यावर सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची शिवलेली गोधडी. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली तेव्हा ही म्हणाली, मला आता इंजेक्शनं नकोत, मूल हवंय. मला वाक्य कळायला दोन मिनिटं लागली.

पहिली चूक आमची म्हणजे आम्ही नातेवाइकांना आधी सांगितलं आणि माहिती नंतर काढली. मामा म्हणाला भाच्याचं तिसरं आहे ते घ्या. आई म्हणाली रक्त कुणाचं, जात कुठली, उद्या काही निघालं तर. आणि ओळखीतल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की एका नर्सिंग होममध्ये "सोय" होते, तीन लाख, कागदावर थेट तुमचंच नाव लागेल, कटकट नाही. हे ऐकताना, खोटं कशाला बोलू, पाच सेकंद मला ते सोपं वाटलं. मग घाम फुटला. असं मूल घेणं म्हणजे मुलाची खरेदी-विक्री, बाल न्याय कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो कागद आयुष्यभर खोटा. कुणी असं सुचवलं तर १०९८ ला फोन करा, आम्ही तेव्हा नुसता फोन ठेवून दिला, ते अजून खुपतं.

बरोबर रस्ता एकच, काराची नोंदणी. कारा म्हणजे केंद्र सरकारचं दत्तकाचं प्राधिकरण, महिला व बाल विकास मंत्रालयाखाली, त्यांच्या पोर्टलवर आपणच फॉर्म भरायचा, एजंट लागत नाही, वकीलही नाही. आम्ही १७ जानेवारी २०२१, रविवारी रात्री साडेअकराला भरला. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, दोघांची संमती हवी, आणि दोघांच्या वयाची बेरीज बघतात. आताच्या नियमात दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर बेरीज ८५ च्या आत लागते, मोठ्या मुलासाठी मर्यादा वाढत जाते. आमची ७१ होती. वय शून्य ते दोन, मुलगा-मुलगी काहीही, राज्य महाराष्ट्र असं टाकलं.

फॉर्म वीस मिनिटांत झाला आणि मग कळलं की कागदपत्रं तीस दिवसांत चढवायची. फोटो, पॅन, जन्मदाखले, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची शिफारस पत्रं, आणि लग्नाचा दाखला. आमचं लग्न २०१३ चं, ठाण्यातल्या हॉलमध्ये दणक्यात झालेलं, सातशे माणसं जेवली आणि नोंदणी मात्र एकानेही केली नाही. आता करायला गेलो तर फॉर्मवर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आठ वर्षांनी भटजी कुठे शोधायचे? हॉलवाल्याकडे नंबर होता तो लागेना, शेवटी त्याच्या कॅटररकडून कळलं की गुरुजी आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. तेव्हा लोकल सगळ्यांसाठी सुरू व्हायच्या होत्या (१ फेब्रुवारीला झाल्या, त्याही ठरावीक वेळातच), म्हणून बाईकने शिळफाट्यावरून गेलो. गुरुजींनी मला अर्थातच ओळखलं नाही पण मास्क खाली करून लग्नाचा फोटो नीट बघितला आणि म्हणाले हो हा अंतरपाट माझाच. मग विचारलं, मुलं किती? मी म्हटलं त्याच्यासाठीच सही हवीये. ते काही बोलले नाहीत, सही केली आणि आतून सुनेला लाडू आणायला सांगितला.

दुसरी गोची नावांची. हिच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचंच पण स्पेलिंग वेगळं. प्रतिज्ञापत्र केलं, चालून गेलं, पण धावपळ खूप झाली. म्हणून सांगतो, लग्नाचा दाखला आणि नावं हे दोन आधी उरका आणि मगच नोंदणीचं बटण दाबा. आणि हो, शिफारस पत्र देणाऱ्यांना नीट सांगून ठेवा कशासाठी आहे ते, आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या ड्राफ्टमध्ये "सदर इसम व्यसनी नसून सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरतो" एवढंच लिहून दिलेलं.

१३ फेब्रुवारीला सगळं अपलोड झालं. आपला नंबर नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेवरून लागतो, त्यामुळे कागद रेंगाळले तर आपलंच नुकसान.

त्यानंतर होम स्टडी, म्हणजे समाजसेविका घरी येऊन आपली चौकशी करतात आणि रिपोर्ट देतात ती. एरवी दोनेक महिन्यांत व्हायला हवी पण एप्रिलमध्ये कोविडची दुसरी लाट आली, आमची जुलैत झाली. फी ६,००० रुपये, पावती मिळते. समाजसेविका ताई यायच्या आदल्या दिवशी आम्ही घर असं घासलं की हॉस्पिटलचा वास यायला लागला, गॅलरीतली कुंडी पण पुसली. त्यांनी घराकडे एक नजर टाकली बस. बाकी दोन तास नुसत्या गप्पा, आधी एकत्र, मग वेगवेगळ्या खोलीत. पगार किती, भांडता कशावरून, मूल सांभाळायला कोण, घरच्यांचं म्हणणं काय, मुलाला दत्तक आहे हे कधी सांगणार. मुलाला सांगायचंच, लहानपणापासून गोष्टीसारखं सांगत राहायचं, हे त्यांनी आम्हाला तिथेच समजावलं. मग मला एकट्याला विचारलं, पहिलं बाळ गेल्यावर तुम्ही रडलात का? मी म्हटलं, हिला सांभाळायचं होतं. त्या म्हणाल्या, ते नाही विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं झालं, नापास. रात्री हिला सांगितलं तर ही म्हणाली मला माहितीये तू रडला नाहीस, आणि कूस बदलून झोपली.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिपोर्ट अप्रूव्ह झाला, तो तीन वर्षं चालतो. तेव्हा आम्ही हसलो होतो, तीन वर्षं कशाला लागतायत.

तर आता वाट बघण्याबद्दल. पोर्टलवर आपला नंबर दिसतो, आमचा हजारांमध्ये होता. कधी शंभरने पुढे जायचा, कधी महिनाभर हलायचाच नाही. लोकांना वाटतं अनाथाश्रम मुलांनी भरलेत आणि सरकार देत नाही. तसं नाहीये. संस्थेत असलेलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही, बाल कल्याण समितीने ते कायद्याने मुक्त आहे असं जाहीर करावं लागतं. सापडलेलं लहान बाळ असेल तर त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो, कुणी स्वतःहून सोपवलं असेल तर त्या आईला फेरविचाराला साठ दिवस द्यावे लागतात. हे साठ दिवस मी आधी "प्रोसेसचा वेळ" म्हणून मोजायचो. नंतर एकदा रात्री पाम बीच रोडवरून येताना डोक्यात आलं की आपण ज्या दिवसांना कंटाळतोय ते दिवस कुणीतरी बाई मोजत असेल, आणि मग मी ते मोजणं सोडलं. त्यात अशी लहान मुलं कमी आणि नोंदणी केलेले आईबाप कितीतरी पट जास्त. रांग लांब असणारच.

या काळात घर बदललं तर पत्ता लगेच अपडेट करा, मोबाईल नंबर आणि ईमेल तर बदलूच नका. नंबर रोज बघू नका हे मी सांगीन पण तुम्ही ऐकणार नाही, आम्हीही ऐकलं नव्हतं. गंमत म्हणजे "रक्त कुणाचं" विचारणारी माझी आई दीड वर्षाने दर शनिवारी फोनवर विचारायला लागली, नंबर कितीवर आला? जणू काही बारावीची मेरिट लिस्ट.

सप्टेंबर २०२२ मध्ये नियम बदलले, दत्तकाचा अंतिम आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमच्यासाठी बरंच झालं म्हणायचं, पुढे सांगतो.

पहिलं रेफरल ११ जून २०२४ ला आलं. आता हा भाग मी दोनदा लिहून खोडलाय, पण लिहितो. मेसेज येतो, मेल येतो, लॉगिन केलं की बाळाचा फोटो, त्याची माहिती आणि मेडिकल रिपोर्ट दिसतो आणि तिथून ४८ तास. तेवढ्यात रिझर्व्ह करायचं. सात महिन्यांचा मुलगा होता, वजन कमी, आणि रिपोर्टमध्ये होतं की ऐकण्याची तपासणी परत करायला लागेल. आमच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही नसेलही, असेलही, बाळ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आम्ही दोन रात्री जागलो. ही हो म्हणायची तेव्हा मी गप्प, मी हो म्हणायचो तेव्हा ही म्हणायची आपल्याला झेपेल ना रे. आम्ही नाही असं म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही, आणि वेळ संपली. स्क्रीनवरून फोटो गेला. त्याचा उजवा कान जरा दुमडलेला होता.

तुम्हाला एकूण तीन रेफरल मिळू शकतात, एखादं नाकारणं नियमात बसतं, कुणी जाब विचारत नाही. पण आधीच बसून ठरवा की काय झेपेल काय नाही, आणि एक बालरोगतज्ज्ञ आधीच सांगून ठेवा की असा रिपोर्ट आला तर तासाभरात बघून द्याल का. आम्ही हे दोन्ही केलं नव्हतं. साडेतीन वर्षं वाट बघून ४८ तासांची तयारी नव्हती आमची.

जुलैत होम स्टडीची मुदत संपत आलेली म्हणून परत भेट, परत कागद, नवीन पगारपत्रकं, नवीन फिटनेस. वेगळ्या ताई होत्या. त्यांनाही मी त्या मुलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या नंबरवाल्यांना दिसला असेल हो तो. एवढ्या वाक्यावर मी जरा झोपायला लागलो.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार, श्रावण नुकता लागलेला. मी महापेला एका गोडाऊनमध्ये स्टॉक मोजत होतो, हिचा फोन, नुसतं म्हणाली "बघ." चौदा महिन्यांची मुलगी. फोटोत ती कॅमेऱ्याकडे नाही तर बाजूला कुणाकडे तरी बघत होती, एका हातात स्टीलचा चमचा. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला, त्यांनी बाराव्या मिनिटाला अंगठा पाठवला, विसाव्या मिनिटाला रिझर्व्ह केलं.

संस्था विदर्भातल्या एका जिल्ह्यात. जिल्हा सांगत नाही, तिची गोष्ट आहे, मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती सांगेल. ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेसने गेलो, १२ तारखेला सकाळी संस्थेत. व्हरांड्यात चटईवर सहा-सात मुलं, आणि एका मावशींच्या पदराआडून बघणारी ती मुलगी. आम्ही खेळणी घेऊन गेलेलो, महागाचा बोलणारा हत्ती वगैरे, तिने ढुंकून बघितलं नाही. सगळे म्हणत होते घ्या ना जवळ, घ्या. ही घ्यायला गेली तर तिने अंग ताठ केलं. म्हणून आम्ही नुसते चटईवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने तिला पार्ले-जी दिलं, तिने ते बराच वेळ चोखलं, कडा मऊ करून टाकल्या, आणि मग तो लिबलिबित अर्धा तुकडा हात लांब करून माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला. तिने परत हात बघितला, परत माझं तोंड बघितलं. बिस्किट कुठे गेलं याचा तिला जो अचंबा वाटला तो मी अजून विसरलेलो नाही. चेहरा असा की जगात हे आजच पहिल्यांदा घडलंय. मग दुसऱ्या बिस्किटाचं पण तेच, तिसऱ्याचं पण. एकूण पाच बिस्किटं मी त्या दिवशी तिच्या तोंडातून काढलेली खाल्ली.

संस्थेच्या समितीपुढे मुलाखत झाली, मूळ कागद तपासले, मुलीचे रिपोर्ट समजावून सांगितले, स्वीकारपत्रावर सह्या झाल्या. बाल संगोपन निधी म्हणून ५०,००० रुपये भरायचे असतात, तेही संस्थेच्या खात्यात आणि पावती घेऊनच. याच्यावर कुणी एक रुपया "खुशीने" मागितला तरी देऊ नका. तिकडच्या लॉजमध्ये आम्ही पाच दिवस राहिलो, १५ ऑगस्टची सुट्टी मध्ये आली, पण बरं झालं, रोज दोन-दोन तास तिच्याबरोबर बसता आलं. प्रवास, लॉज, सगळं धरून आमचे वरचे साधारण बावीस हजार गेले.

इथे एक जरूर करा. तिला सांभाळणाऱ्या मावशींशी बोला, ऑफिसातल्यांशी नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं: वरण-भात आवडतो पण कोमट, बाटली नको वाटीच हवी, झोपताना डाव्या कुशीवर, पाठीवर थोपटायचं नाही, कपाळावरून हात फिरवायचा. आणि तिचं अंथरायचं दुपटं न धुता मागून घ्या. आम्ही सासूबाईंची गोधडी नेलेली, पण ती बॅगेतच राहिली आणि ते विटलेलं पिवळं दुपटंच तिला लागायचं. मावशी निरोप देताना म्हणाल्या, "मले इसरन ते, इसरूच द्या." आणि आत निघून गेल्या, गाडी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

कायद्याने ती तेव्हा आमची झालेली नसते. अंतिम आदेश येईपर्यंत दत्तकपूर्व संगोपन म्हणून हमीपत्रावर आपल्याकडे देतात. १७ ऑगस्टला, शनिवारी पहाटे, ठाणे स्टेशनवर उतरलो. आई आरतीचं ताट घेऊन दारात. ओवाळलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, नाक तुझ्यासारखंच आहे. मी काही बोललो नाही.

मग रजेचं. तेव्हाच्या कायद्यात दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची पगारी रजा होती पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. कायद्याने मुक्त व्हायलाच बाळाला कितीतरी वेळ लागतो, तर तीन महिन्यांचं मूल हातात येणार कसं? हिच्या एचआरने नियम वाचून दाखवला, सॉरी म्हणाली, आणि हिने दोन महिने बिनपगारी घेतले. मला पाच दिवस मिळाले तेही माझ्याच सीएलमधून. तुम्ही रेफरलच्या आधीच कंपनीचं दत्तकाचं धोरण लेखी मागून ठेवा आणि काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

आता जे कुणी सांगत नाही ते. चिऊ (घरातलं नाव) घरी आली आणि रडली नाही. एकदाही नाही. येणारे जाणारे म्हणायचे किती गुणी, किती शहाणी. पडली तरी नाही, लस टोचली तरी ओठ दाबून बघत राहिली. रात्री दोनला मला जाग यायची तर चिऊ अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली, आवाज नाही, नुसती छताकडे बघत. किती वेळ जागी असेल देव जाणे. आम्ही घाबरलो, कानांची तपासणी केली, कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, जिथे एका मावशीला आठ मुलं असतात तिथे रडून कुणी लगेच येईलच असं नसतं, मुलं रडणं सोडून देतात. करायचं काय? काही नाही, म्हणाले, ती जागी दिसली की जायचं. रडायची वाट न बघता.

मग आम्ही पाळ्या लावल्या. बारा ते तीन ही, तीन ते सहा मी. जागी दिसली की कपाळावरून हात. ऑफिसात मी दोनदा डेबिटच्या जागी क्रेडिट टाकलं.

२७ ऑगस्टला दहीहंडी होती, ती आल्यापासूनची अकरावी रात्र. आमच्या चौकात डीजे, भिंती हादरत होत्या, अकराच्या पुढे कुठे शांत झालं. माझी पाळी नव्हती, मी मेल्यासारखा झोपलेलो. आणि अचानक कसला तरी मोठा आवाज, मला आधी वाटलं परत स्पीकर सुरू केला मेल्यांनी. उठून बघतो तर चिऊ पलंगावर उभी, कठडा धरून, तोंड हे एवढं उघडलेलं, आणि रडतेय. म्हणजे नुसतं रडणं नाही, भोंगा. ही दोन मिनिटं बाथरूममध्ये गेलेली होती एवढंच. ही धावत आली, तिला उचललं आणि खाली फरशीवरच बसली, आणि चिऊ तिच्या गाऊनला दोन्ही मुठींनी धरून रडतेय, ही पण रडतेय, वरच्या मजल्यावरून कुणीतरी बाल्डी आपटली. मी दारात उभा होतो. लेबर रूमच्या बाहेर उभा होतो तसाच. मग काय झालं मला माहीत नाही, मी पण बसलो खाली. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या बाळाला बरं नाही का? ही म्हणाली, एकदम बरं आहे काकू.

कागद चालूच होते. संस्थेने बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. संस्था ज्या जिल्ह्यात असते तिथले जिल्हाधिकारी, आपल्या ठाण्याचे नव्हे, आम्ही उगाच कोर्ट नाक्याला दोन चकरा मारल्या. नियमात आदेशाला दोन महिने आहेत पण ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं ऑफिस निवडणुकीत. मी दर सोमवारी फोन करायचो, पलीकडून तोच क्लार्क, "साहेब मीटिंगमध्ये." पोरगी घरात धावायला लागलेली आणि कागदावर अजून ती संस्थेचीच, या काळात उगाचच भीती वाटते, कुणी येऊन घेऊन गेलं तर. तसं होत नाही, पण वाटतं. मतमोजणी झाली २३ नोव्हेंबरला आणि आदेश झाला १० डिसेंबरला. कोर्टात किती लागले असते कुणास ठाऊक.

आदेशाची प्रत आली की जन्मदाखल्याचा अर्ज करायचा, त्यात आई-वडील म्हणून आपलीच नावं येतात. आमचा जानेवारीत आला. साधा कागद, क्यूआर कोड, कुठल्याशा नगरपरिषदेचा शिक्का. मी लाल फाइलमध्ये ठेवायला गेलो तर खालच्या कप्प्यात २०१९ ची ती झेरॉक्स होती. ही म्हणाली राहू दे तिथेच, दोन्ही एकातच राहू देत. दाखल्यावरचा पहिला रकाना मी बोट फिरवून वाचला, नाव बरोबर लिहिलंय ना म्हणून. वेलांटी दीर्घ हवी होती ती दीर्घच होती.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो, एका भेटीचे २,००० रुपये, ताई येतात, वजन-उंची, लसी, घरात रुळलीये का बघतात. पहिल्या भेटीला चिऊने त्यांची पर्स उलटी केली, ते पण रिपोर्टात आलं असेल.

शेवटचं काम आधारचं. फेब्रुवारी २०२५, सेंटरवर दीड तास लाइन. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो आणि आई किंवा वडलांपैकी एकाची ओळख. आदल्या रात्री झोप कमी झालेली, त्यात मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला, आणि नेमका कॅमेरा समोर आल्यावर तिने जो सूर लावला तो लावला. नाक वाहतंय, डोळे अर्धे मिटलेले. ऑपरेटर पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला, "सर, रडतेय फोटोत, गप्प झाली की परत काढू?"

मी खिशातून चमचा काढत होतो. ही म्हणाली, "चालतोय का तो? डोळे दिसतायत ना? मग राहू दे तोच."